सोनेरी पाळणा, रिकामा बीरॉक

ऑर्व्हल टीसनच्या कोटाची डावी बाजू उजवीपेक्षा चांगली दोन बोटं खाली लोंबायची. शिंप्याचा दोष नव्हता. त्या बाजूला सतरा बिल्ले होते, एकाखाली एक टोचलेले, प्रत्येक बिल्ला म्हणजे एक इवलासा सोनेरी पाळणा. आमदार चालायला लागला की किणकिण व्हायची आणि विधानसभेच्या संगमरवरी बोळात लोक मागं न बघता ओळखायचे, ऑर्व्हल आला.

हे बिल्ले द्यायची पाळणा परिषद. ही परिषद म्हणजे राज्यभरच्या चर्चमधली जाणती मंडळी. गर्भपात, लग्न, जुगार, दारू असल्या विषयांवर कोणता आमदार हिरवं बटण दाबतो आणि कोणता लाल, यावर त्यांचा डोळा. अधिवेशन संपलं की प्रत्येकाला गुण. शंभरपैकी शंभर मिळाले तर पाळणा. नव्याण्णव मिळाले तर हात हलवत घरी जा, आणि रविवारी प्रार्थनेला मागच्या बाकावर बस.

ऑर्व्हल ढोंगी नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. त्याची मुलगी जनेल सातव्या महिन्यात जन्मली होती, त्याच्या दोन तळव्यांत मावेल एवढी. जिल्ह्याच्या छोट्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी ती जगवली. त्या दिवसापासून पोटातल्या जिवाबद्दल ऑर्व्हलशी वाद घालायच्या भानगडीत कुणी पडत नसे. पण माणूस हळवा असला म्हणून धीट असतो असं थोडंच आहे? सतरा वर्षं आमदारकी केली आणि त्याच्या नावावर कायदा एकच, राज्याचं अधिकृत गवत कोणतं असावं याचा. त्यालाही कुणी विरोध केला नव्हता म्हणून तो झाला.

आणि मग गेल्या वर्षी त्या दवाखान्यानं बाळंतपणाची खोली बंद केली. परवडत नाही म्हणाले. जिथं जनेल जन्मली तिथं आता मोडक्या खुर्च्या रचून ठेवल्या होत्या. बाळंतपणाला जायचं तर गाडीनं दोन तास. फेब्रुवारीत एक पोरगी वाटेतच अडली. नवरा बिचारा गांगरला, ट्रक वळवून धान्याच्या गोदामात घातला तो थेट वजनकाट्यावर, आणि बाळ तिथंच झालं. काट्यावरच्या माणसाला आयुष्यभराची सवय. त्यानं ट्रक, नवरा, बायको आणि बाळ सगळ्यांचं मिळून वजन केलं आणि पावती फाडून हातात दिली. पावतीवर धान्याला लिहितात तसा ओलावा किती टक्के तेही लिहिलं होतं.

जिल्हाभर लोक हसले. ऑर्व्हलला हसू आलं नाही. जनेलला छत्तिसाव्या वर्षी पहिल्यांदाच दिवस गेले होते, सप्टेंबरात भरणार होते, आणि तिचं शेत त्या काट्यापासून हाकेच्या अंतरावर होतं.

म्हणून त्यानं विधेयक लिहिलं. खेड्यापाड्यांतल्या दवाखान्यांत बाळंतपणाच्या खोल्या पुन्हा उघडायला सरकारनं पैसे द्यावेत, एवढंच. विधेयक समितीत गेलं आणि तिथंच वारलं. मुदत संपली. नवीन विधेयक आणायची सोय नाही.

पण त्या विधानसभेत एक जुनी खोड आहे. मुदत संपल्यावर एखादं निम्म्या वाटेवर आलेलं विधेयक धरायचं, त्याचा नंबर तेवढा ठेवायचा, आतला मजकूर सगळा खरवडून काढायचा आणि भलताच भरायचा. त्याला सगळे 'पोट बदलणं' म्हणतात. बीरॉकसारखं आहे ते, म्हणजे आत खिमा-कोबी भरून भाजलेल्या बंद पावासारखं. पाव बाहेरून तोच, आतला खिमा आणि कोबी काढला आणि बटाटा भरला तर खाणाऱ्याला चावल्याशिवाय कळणार आहे का? सभापतींना ऑर्व्हलची दया आली. त्यांनी दोनशे चौदा नंबर उचलला. तो होता जत्रेत रविवारी सकाळी बिअर आणि हाउजी चालू द्यावी असा. बिअर काढली, हाउजी काढली, बाळंतपण भरलं. नंबर दोनशे चौदाच राहिला.

शेवटच्या दिवशी सकाळी ऑर्व्हल शीळ घालत सभागृहात शिरला आणि जागेवर बसून बघतो तर टेबलावर गुलाबी कागद. पाळणा परिषदेचा. 'विधेयक क्रमांक दोनशे चौदा. कुटुंबाला घातक. लाल बटण दाबावे. या मताचे गुण धरले जातील. गैरहजर राहणाऱ्याचेही गुण कापले जातील.'

"काय झालं? तोंड का उतरलं?" शेजारच्या खुर्चीवरून बर्नाडीननं विचारलं. ही विरोधी पक्षाची, शहरातली, आयुष्यभर सिटी बस चालवून निवृत्त झालेली. नऊ वर्षं दोघं शेजारी बसत होते. एकाही मोठ्या मुद्द्यावर त्यांचं कधी पटलं नव्हतं आणि एकही दिवस दोघं एकमेकांशी बोलल्याशिवाय राहिले नव्हते.

ऑर्व्हलनं कागद पुढं केला.

बर्नाडीननं वाचला आणि इतकी हसली की चष्मा काढून पुसावा लागला. "म्हणजे पाळणावाल्यांनी पाळण्यालाच लाल दाखवलं?"

"त्यांना बिअरचंच वाटत असेल अजून. जाऊन सांगतो, मिटेल."

घुमटाखालच्या गोल दालनात परिषदेच्या लव्हॉन श्रागबाई टेबल मांडून बसल्या होत्या. बाई साठीची, नीटनेटकी, कुणाच्या घरी दुखणं असलं की पहिला गरम पदार्थ घेऊन दारात उभी राहणारी. ऑर्व्हलनं सगळं सांगितलं.

"मला माहीत आहे," श्रागबाई म्हणाल्या. "वाचलं मी. डोळ्यांत पाणी आलं. फार सुंदर लिहिलंय तुम्ही."

"बरं वाटलं ऐकून. मग?"

"मग काय, लाल दाबा."

"अहो बाई, त्यात आता बिअर नाहीये."

"ऑर्व्हल, नंबर म्हणजे नंबर. आमचे कागद कालच सगळ्या चर्चना गेले. आज तुमच्यासाठी मी एक नंबर सोडला ना, तर पुढच्या वर्षी हे जुगारवाले प्रत्येक विधेयकाच्या तोंडाशी एकेक बाळ आणून बसवतील. तुम्हाला ते घोड्यांच्या शर्यतीचं आठवतं ना? अनाथ मुलांच्या नावाखाली घुसवलं होतं. मी कुणाकुणाच्या पोटात डोकावत बसू?"

बाई खोटं बोलत नव्हत्या. शर्यतीच्या त्या विधेयकाला तो स्वतःच फसता फसता वाचला होता.

"एकदा माझ्यासाठी..." तो पुटपुटला.

"तुमच्यासाठी जीव देईन. पण गुण नाही देता येणार," बाई म्हणाल्या, आणि त्यांनाही ते बोलताना बरं वाटत नव्हतं हे दिसत होतं.

मागं वळला तर ड्वेन. ड्वेन म्हणजे ऑर्व्हलच्या बायकोचा धाकटा भाऊ, ट्रॅक्टर विकणारा, मेव्हण्याची खुर्ची रिकामी कधी होते याची दहा वर्षं वाट बघणारा. डोक्यावर लाल टोपी, टोपीवर शिवलेलं, 'शंभर टक्के ड्वेन'.

"काय दाजी, आज कोणता रंग?"

"तू अजून निवडूनसुद्धा आलेला नाहीस. शंभर टक्के कशाचे तुझे?"

"म्हणूनच शंभर. अजून एकदाही चुकलो नाही." ड्वेननं टोपी सारखी केली. "मी वर प्रेक्षकांत बसणार आहे. मतांच्या फळ्याचा फोटो चांगला येतो तिथून. हिरवा दिवा लागला की ऑगस्टच्या निवडणुकीला अर्ज भरायला मोकळा मी."

आता ऑर्व्हलचा पेच सरळ होता. हिरवं दाबलं तर पाळणा गेला, पाळण्यामागं आमदारकी गेली, आणि ती ड्वेनच्या घशात गेली. लाल दाबलं तर खुर्च्या तशाच रचलेल्या राहणार आणि त्याची लेक वजनकाट्यावर. लहान पोरालाही कळेल यात मोठं काय आणि छोटं काय. पण सतरा वर्षं कोटावर किणकिण वागवली की माणसाला ते लहान पोराइतकं लवकर कळत नाही.

मतदानाची घंटा झाली तसे बिल्लेवाले आमदार एकेक करून स्वच्छतागृहाकडं सटकू लागले. ऑर्व्हल गेला तर आत उभं राहायला जागा नव्हती. कुणाला काही करायचं नव्हतं. सगळे हात धूत होते.

"ऑर्व्हल, विधेयक तुझं आहे बाबा," एक जण म्हणाला. "तू जे दाबशील ते आम्ही."

"माझी सून पण दोन तास जाते रे," दुसरा म्हणाला, "पण आधी तू."

"तुम्ही कुणीतरी आधी दाबा की," ऑर्व्हल म्हणाला. सगळे पुन्हा हात धुवायला लागले.

तेवढ्यात दाराशी विधानसभेचा शिपाई येऊन उभा राहिला. दरवाजे बंद व्हायचेत, सदस्यांना आणायला सांगितलंय. शाळेतली पोरं ओळीनं वर्गात न्यावीत तसा त्यानं सगळ्यांना सभागृहात नेलं. ओल्या हातांनीच.

ऑर्व्हल बसला. भिंतीवरच्या मोठ्या फळ्यावर नावं, नावांपुढं दिवे. बर्नाडीननं हिरवं दाबून टाकलं होतं. बिल्लेवाले सगळे मान वळवून त्याच्याकडं बघत होते. त्यानं वर पाहिलं. प्रेक्षकांत पहिल्याच रांगेत लाल टोपी आणि रोखलेला फोन. पलीकडं त्याची बायको आर्डिथ, मांडीवर टोपली. अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी ती दरवर्षी सगळ्यांना बीरॉक घेऊन यायची. तिच्या शेजारी जनेल. पोट नुकतं कुठं दिसायला लागलेलं.

ऑर्व्हलनं लाल दाबलं.

फळ्यावर फटाफट लाल दिवे लागत गेले. मालकच लाल तर आपण कशाला हिरवे होऊन मरा? विधेयक थोडक्यात पडलं. सभापतींनी हातोडी मारली, चष्म्यावरून ऑर्व्हलकडं एकदा पाहिलं आणि जेवणाची सुट्टी दिली.

बाहेर बाकावर आर्डिथ टोपली उघडून बसली होती. ऑर्व्हल शरमेनं मान खाली घालून तिच्यासमोर उभा राहिला. त्याला वाटलं बोलेल, चारचौघांत लाज काढेल. तिनं एक बीरॉक घेतला, चांगला फुगलेला, वरून बदामी. पर्समधून चमचा काढला. पावाच्या बुडाला एक भोक पाडलं आणि आतला खिमा, कोबी, कांदा सगळं चमच्यानं खरवडून खरवडून एका बशीत काढलं. बशी जनेलला दिली. जनेल निवांत खायला लागली. मग आर्डिथनं तो पाव रुमालावर ठेवला, भोक खाली येईल असा, आणि नवऱ्यापुढं धरला.

"हे काय?"

"तुझं जेवण."

"आर्डिथ, रिकामा आहे हा."

"बाहेरून बघ की नीट. आकार तोच, रंग तोच, कुठं चिरसुद्धा नाही. शंभर टक्के बीरॉक आहे."

जनेल हसता हसता थांबली. बापाचा चेहरा बघून थांबली. "बाबा, जाऊ दे," ती म्हणाली. "काट्यावरचा माणूस चांगला आहे. तो म्हणाला, तुझी पावती फुकट फाडीन."

एवढं ऐकल्यावर ऑर्व्हलचा बांध फुटला. सत्तरीचा माणूस, हातात पोकळ पाव, भर बोळात हुंदके देतोय आणि प्रत्येक हुंदक्याला सतरा पाळणे किणकिणतायत. लोक वाट सोडून लांबून जायला लागले.

बर्नाडीन मात्र जवळ आली. टोपलीतला एक भरलेला बीरॉक तिनं न विचारता उचलला आणि ऑर्व्हलच्या शेजारी टेकली.

"रडून झालं की सांग. मला एक नियम विचारायचाय तुला."

"नियम कसले विचारतेस आता? पडलं ना."

"पडलेलं विधेयक पुन्हा मताला आणता येतं. आजच्या आज."

"मग आण ना तू."

"मला नाही आणता येत. आम्हा हिरव्यांपैकी कुणालाच नाही. फेरविचाराचा ठराव फक्त जिंकलेल्या बाजूचा माणूस मांडू शकतो." तिनं मोठा घास घेतला आणि तो गिळेपर्यंत त्याला ताटकळत ठेवलं. "आज जिंकलं कोण? लाल. तू हिरवं दाबलं असतंस ना, तर हुतात्मा होऊन बसला असतास माझ्या शेजारी, आणि ते विधेयक मेलेलंच राहिलं असतं. बरं झालं देवा, तू भित्रा निघालास."

ऑर्व्हलनं नाक पुसलं. हा नियम त्याला सतरा वर्षं माहीत होता. आपल्या उपयोगाचा कधी वाटला नव्हता, कारण त्यानं केलेल्या गोष्टीचा त्याला कधी फेरविचार करावा लागलाच नव्हता.

"आणि पुन्हा पडलं तर?"

"तर आर्डिथ रोज रात्री चमचा घेऊन बसेल," बर्नाडीन म्हणाली. आर्डिथनं मान डोलावली.

सुट्टीनंतर सभागृह भरलं तसा ऑर्व्हल उभा राहिला. त्याला बोलायला उभं राहिलेलं बघायची कुणाला सवय नव्हती. सभापतींनी आधी विचारलं की तब्येत बरी आहे ना.

"फेरविचाराचा ठराव मांडतो," तो म्हणाला. आवाज फाटत होता. "मघाशी मी नंबराला मत दिलं. आता विधेयकाला द्यायचंय. आतमध्ये बाळंतपणाची खोली आहे. बाकी काही नाही. मी पोटापर्यंत चमचा घालून बघितलंय. माझी लेक त्या खोलीत झाली. तिचं लेकरू ट्रकबरोबर मोजलं जाऊ नये, एवढंच म्हणणं आहे माझं." आणि तो बसला. खुर्चीवर ठेवलेला रिकामा बीरॉक त्याच्याखाली चपटा झाला.

ठराव मंजूर झाला, पुन्हा मतदान लागलं. ऑर्व्हलनं या वेळी कुणाकडं बघितलं नाही. अंगठा हिरव्यावर ठेवला आणि असा दाबून धरला की बर्नाडीनला सांगावं लागलं, सोड आता, एकदा दाबलेलं पुरतं. बिल्लेवाल्यांची चुळबुळ सुरू झाली. ज्याची सून दोन तास जात होती त्यानं उठून कोट काढला, व्यवस्थित घडी घालून बिल्ला आत जाईल असा खुर्चीखाली ठेवला आणि मग हिरवं दाबलं. ते बघून आणखी एकानं कोट काढला. मग तिसऱ्यानं. सभागृहात बघावं तिकडं लोक कोट काढतायत आणि शर्टावर मत देतायत. विधेयक पास झालं. वरच्या रांगेत ड्वेननं फोटो काढला आणि अर्ज भरायला गेला.

संध्याकाळी वरच्या सभागृहानंही होकार दिला, पुढच्या आठवड्यात गव्हर्नरची सही झाली, आणि जुलैत त्या खोलीतल्या मोडक्या खुर्च्या हलल्या.

अठरावा पाळणा ऑर्व्हलला मिळाला नाही. गुण आले चौऱ्याण्णव. श्रागबाई स्वतः घरी येऊन सांगून गेल्या, बरोबर चिकन-शेवयांचं मोठं पातेलं आणलं, आणि जाताना दारात ऑर्व्हलचा हात बराच वेळ धरून उभ्या राहिल्या. पण गुण काही वाढवले नाहीत. ऑगस्टात ऑर्व्हल पडला. ड्वेन थोडक्या मतांनी आला. ऑर्व्हलला वाईट वाटलं, खोटं कशाला बोला. चार दिवस तो कोठारात जाऊन ट्रॅक्टरला तेल घालत बसला. त्या ट्रॅक्टरला तेलाची गरज नव्हती, आणि तो ट्रॅक्टर ड्वेनकडूनच घेतलेला होता, म्हणून जास्तच वाईट वाटलं.

सप्टेंबरात जनेलला कळा सुरू झाल्या आणि ती दहा मिनिटांत दवाखान्यात पोचली. वाटेत वजनकाटा लागला. काट्यावरच्या माणसानं हात केला, गाडी थांबली नाही.

मुलगी झाली. बाहेर बाकावर ऑर्व्हल, आर्डिथ आणि ड्वेन बसले होते. ड्वेन टोपी घालूनच आला होता, मामा-आजोबा म्हणून त्याचाही हक्क होता. नर्स बाहेर आली, हसत होती.

"आई छान, बाळ छान. दहापैकी नऊ."

"नऊ काय?" ऑर्व्हलनं विचारलं.

"गुण. जन्मल्याबरोबर आम्ही प्रत्येक बाळाला देतो. श्वास, ठोके, रडणं, रंग, हालचाल असं बघून."

ड्वेन ताडकन उठला. "नऊच का? एक कुठं कापला?"

"हातापायांची बोटं थोडी निळी आहेत. सगळ्याच बाळांची असतात. पहिल्याच मिनिटाला पूर्ण दहा आम्ही सहसा कुणालाच देत नाही."

"कुणालाच नाही?"

"माझ्या हाताखालून तरी एकही नाही गेलं अजून."

ड्वेन खाली बसला. त्याच्या खिशातून नव्या आमदाराला आलेला पहिला गुलाबी कागद डोकावत होता. त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली आणि वरची अक्षरं वाचत राहिला.

आत गेल्यावर ऑर्व्हलनं नातीला हातात घेतलं. या वेळी एका तळव्यात मावत नव्हती, दोन्हींतही नाही. निळसर बोटं त्याच्या कोटाच्या काठाला लागली. कोटावर काही नव्हतं. ते सतरा बिल्ले आर्डिथनं टाचण्यांच्या डब्यात टाकून दिले होते आणि कोट दोन्ही बाजूंनी सारखा लोंबत होता. बाळानं तोंड उघडून असा टाहो फोडला की खिडकीची काच थरथरली.

"आवाज बघ केवढा," ड्वेन दारातून म्हणाला. "दाजी, मला वाटतं नर्सला परत एकदा मोजायला सांगावं."

"राहू दे रे," ऑर्व्हल म्हणाला. "आत सगळं भरलेलं आहे."